तुमच्या आवडत्या खेळाडूबद्दल

बाबा, तुमच्या त्या रशियन आइस हॉकीपटूला मी भेटलो. तुम्ही जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती. तुमच्या पोलाद कारखान्यातल्या रशियन इंजिनियरने दिलेला त्याचा फोटो तुम्ही ओट्याच्या वर चिकटवला होता: छातीभर पदकं, पुढचे दोन दात गायब. मी कशानेही रडलो की तुम्ही तिकडे बोट दाखवायचात. "हा मोडक्या बरगडीने खेळला. आणि तू?" आई पोळ्या लाटत राहायची.

इथे बर्लिनला माझी लेक दहा वर्षांची असताना हा खेळ शिकायला लागली आणि तिच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, नवा ट्रेनर म्हणून तोच आला. सोव्हिएत देश मोडल्यावर तो इकडे आला, दुय्यम संघांतून गुडघे निकामी होईपर्यंत खेळला आणि मग मुलांना शिकवू लागला. फोटोची गोष्ट ऐकून त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला भरून आलं. मग सराव संपला की तो आपली कारकीर्द सांगायचा. लहानपणीच घरातून उचलून खेळाडूंच्या सराव-छावणीत नेलेलं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आई वारली. त्याच्या ट्रेनरने तार खिशात ठेवली आणि पदक गळ्यात पडल्यावर हातात दिली. "बरोबर केलं त्यांनी," तो म्हणाला. मला शिसारी आली, तरी मी मान डोलावली.

एका शनिवारी रिंकच्या काचेमागे पालक म्हणून मी एकटाच होतो. लेकीची मैत्रीण गोलकीपर. तिच्या मनगटावर खेळातली रबरी चकती जोरात बसली आणि ती खाली बसून रडू लागली. ट्रेनरने तिला पुन्हा ग्लव्ह घालायला लावला, उभं केलं आणि बाकीच्या मुलींना रांगेत उभं करून, तिचं रडणं थांबेपर्यंत तिच्या दिशेने चकतीचा एकेक फटका मारायला सांगितला. माझी लेक पुढे येते. मारण्याआधी काचेकडे, माझ्याकडे बघते. तोही वळतो, हसून अंगठा वर करतो. मीही करतो. ती मारते.

मनगट मोडलं होतं. क्लबच्या चौकशीत मी लिहून दिलं की त्या वेळी मी कॉफी आणायला गेलो होतो. लेकीने जे घडलं ते सगळं सांगितलं. समितीच्या बाईंनी तिला विचारलं, तुझे वडील तर म्हणतात त्यांनी काहीच पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "मग तसं झालं नसेल."

ती मैत्रीण परत आली नाही. लेकीनेही खेळ सोडला. तो मात्र दोन वर्षांनी फुलं, भाषणं घेऊन निवृत्त झाला. निरोपाला मी गेलो, टाळ्या वाजवल्या, त्याचा तो जाड, ओलसर हात पुन्हा हातात घेतला आणि घरी येऊन कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिलो. त्याची किळस येते, तुमचीही येते, आणि तुम्हा दोघांच्या नावाखाली मला लपता येत नाही हे कळतं तेव्हा माझी सगळ्यात जास्त.

हे पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तुम्ही असतात आणि विचारलं असतंत, तर तुम्हालाही मी कॉफीचंच सांगितलं असतं.