दारापर्यंतचा माग

२ नोव्हेंबर, रविवार
समोरच्या बिल्डिंगवाल्यानं बांधकामाची वाळू आमच्या दारात ओतलीय. बोलायला गेले तर, "कायकू गरम होरे अम्मा, दो दिन में उठाते." दसऱ्यापासून त्याचे दोन दिवस चाललेत. घरात वाळू, भाकरीत वाळू.
त्यात पल्लवी. पोलीस भरतीचा फॉर्म भरून आली. मला न विचारता. ह्यांना ठाऊक होतं. रेल्वेत रुबाब, लेकीपुढं मांजर.
भांडी आपटली. दुसरं काय करणार.

४ नोव्हेंबर, मंगळ.
प. लायब्ररीतून आली. जेवताना बापाला धडा वाचून दाखवते, जुन्या काळी पोलीस कसे होते. हैदराबादेत कोतवाल. सिकंदराबादच्या छावणीत इंग्रजांचे वेगळे शिपाई. मराठवाड्यात पाटील. आणि खाली एक ओळ, पाटलाच्या हाताखाली गावचा राखणदार.
"आई, म्हणजे आपला आबा! आपलंच खातं की हे!"
खातं! राखणदार म्हणे. येसकर म्हण की. इकडं हैदराबादकडं तलारी, आमच्या मराठवाड्यात येसकर. रात्रभर वेशीत बसायचं आणि सकाळी दारोदार भाकर मागायची. तोच पगार. हे कुठल्या धड्यात...
ताटावरून उठले.

७ नोव्हेंबर, शुक्र.
आज सांगून टाकलं.
माझ्या बापाचं, आबाचं, काम माग काढायचं. चोरी झाली की पावलं बघत जायचं. माग शिवेबाहेर गेला तर पुढच्या गावच्या येसकराच्या हवाली. गावातच मुरला तर येसकरच चोर. मी पोटात होते तेव्हा सावकाराचं सोनं गेलं. आबा पावलं बघत निघाला, सगळं गाव मागं. पावलं पाटलाच्या दारात गेली. आबा तिथं उभा राहिला. बोलला नाही. मग चावडीपुढं त्यालाच ठोकला. बरा झाला तशी येसकराची काठी चुलीत घातली आणि आईला घेऊन हैदराबाद. अफझलगंजला जन्मभर हमाली केली, पण काठी धरली नाही.
"आणि तू जाऊन तीच धरणार?"
प. म्हणते, "काठीचं सोड. आबा बोलला का नाही?"
हात उचलला मी. एवढ्या मोठ्या लेकीवर. ह्यांनी धरला.
माझ्या बापाला विचारते. भरल्या पोटानं.

९ नोव्हेंबर, रवि.
बोलणं बंद. "चहा घे म्हणावं तिला." "घेतला म्हणावं." हे वैतागले, "मी काय पोस्टमन हाय का दोघींचा?" हसू आलं, दाबलं.
तिचा राग नाही खरा. मीही विचारलं होतं आबाला, लहानपणी. अंगणातल्या पावलांवरून कोण आलं, कोण गेलं, सगळं शिकवायचा मला. हे विचारलं की उठून जायचा.

१२ नोव्हेंबर, बुध.
उद्या तिची धावायची परीक्षा. मी सांगितलं, गेलीस तर ह्या दारात परत यायचं नाही.
"मी दारात थांबणाऱ्यातली नाहीच," म्हणाली.
जीभ बघा. माझीच.

१३ नोव्हेंबर, गुरु.
पहाटे गेली. मी जागीच होते. दार ओढल्याचा आवाज आला तशी उठून कडी घातली. मुद्दाम मोठ्यानं.
उजाडल्यावर झाडू घेऊन बाहेर आले. वाळूत तिचे बूट. डावी टाच खोल, हजारात ओळखीन. पावलं गल्लीपर्यंत गेली, वळली, परत आली. दारासमोर दोन्ही पाय शेजारी शेजारी. बराच वेळ उभी असणार, वाळू चांगलीच दबलीय. मग पुन्हा गल्लीकडं, लांब लांब टाकलेली.
कडी ऐकून आली होती. उभी राहिली. बोलली नाही.
बोलली असती तर मी उघडलं असतं का.
झाडलं नाही. आत येऊन पुन्हा कडी घातली. दवाखान्यात ड्यूटीला गेले नाही.
दुपार. गल्लीत बूट वाजतायत. डावा जड. हे कडीला हात लावून विचारतात, "काढू का?"
मी अजून बोलले नाही.