ग्रीक अग्नीचा आवाज

१९ जाने., सोम.
लग्नातले डीजे सोडल्यापासून पहिलंच मोठं काम. पुण्याची पोरं व्हिडिओ गेम बनवतायत, समुद्रावरच्या लढायांचा. शिडं, वल्ही, तलवारी यांचे आवाज दिले, पसंत पडले. आता पाहिजे ग्रीक अग्नी. इस्तंबूल हे इस्तंबूल नव्हतं, ग्रीक राजांचं होतं, तेव्हाची, हजारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जहाजावर पितळी नळी, तिच्यातून पेटतं तेल शत्रूवर सोडायचे. म्हणे पाण्यावरही जळत राहायचं. मसाला कशाचा ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शेवटी त्यांचं त्यांनाही ठाऊक राहिलं नाही. आणि त्या अग्नीचा आवाज मी काढणार, परभणीत बसून. लय भारी.

२१ जाने., बुध.
दुसऱ्या गेम्समधला आवाज ऐकला. एकात ड्रॅगन ओरडतो, एकात चक्क गॅसची शेगडी. सगळा अंदाजाचा कारभार. वाचायला गेलं तर इतकंच सापडतं, की गडगडाट व्हायचा नि धूर फार. पण गडगडाट नळीचा का आगीचा?

२४ जाने., शनि. झरी.
मेव्हण्याच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवून माइक लावला. तडतड छान आली, पण ही लाकडाची आग. मेव्हणा लांब उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "दाजी, ह्याचं बी कालेज असतंय का?"

२५ जाने., रवि.
येताना गाडीवर सुचलं. बारीक भोकातून दाबानं तेल, म्हणजे आपला पंपाचा स्टोव्ह! त्याच नळीचा धाकटा भाऊ.
पण आमच्या घरात स्टोव्ह कधीच आला नाही. बायकोचा, रेखाचा, डावा हात भाजलेला. लहानपणी, माहेरी जिंतूरला, स्टोव्हचा भडका. तिला न विचारता कसं करणार, म्हणून विचारलं. "घरात नको," एवढंच म्हणाली.

२७ जाने., मंगळ.
जुना स्टोव्ह भंगारात मिळाला. रॉकेल मिळता मिळेना, कसंबसं मिळालं. दोस्ताच्या गोदामात रेकॉर्डिंग. वाळूची बादली शेजारी.

२८ जाने., बुध.
स्टोव्हच्या आवाजाचा वेग कमी केला, सूर खाली ओढला. हेच. हेडफोन काढून स्पीकरवर लावला, तर मागं रेखा उभी. बंद करायला गेलो. राहू द्या म्हणाली, परत लावायला लावला. खुर्ची ओढून बसली.
"असा नसतोय. भडक्याच्या आधी गप होतोय. आपल्याला वाटतंय इझला. म्हणून तर मी वाकले."
लग्नाला इतकी वर्षं झाली. हे कधी बोलली नव्हती. मग तिनं उठून चहा ठेवला.

३० जाने., शुक्र.
तिनं सांगितलं तसं केलं. भुर्र चालू, मग एकदम काहीच नाही, मग गडगडाट. आता बरोबर लागतंय. नको इतकं बरोबर. समोरच्या जहाजावरच्यांनाही वाटलं असेल का, नळी बिघडली, वाचलो आपण? कुठं लिहिलेलं सापडत नाही.
पुण्याहून फोन. पाठवतो म्हणालो, पाठवलं नाही. ती शांतता माझी थोडीच आहे. आधी विचारलं पाहिजे.

१ फेब्रु., रवि.
विचारलं. हो नाही, ना नाही. चित्र दाखवा म्हणाली. गेमचा तुकडा लावला. नळी, ज्वाळा, समोरचं जहाज पेटतं, माणसं उड्या टाकायलेत. तिनं तिथंच थांबवायला लावलं. स्क्रीनजवळ गेली. माणसं बारकी, चेहरे काढलेलेच नाहीत.
"ह्यांना पोहता येत हुतं का?"
येत असेल, दर्यावर्दी होते, म्हणालो.
"मग ह्यांचा आवाज कुठंय?"
तो माझ्याकडं कुणी मागितलाच नाही. मागितला नाही, हेही आत्ताच ध्यानात आलं. त्या माणसांच्या आवाजाचं विचारायला पुण्याला फोन लावला, उचलला नाही. रेखा अजून स्क्रीनसमोरच बसलीय.