टेबल कुणाचं

अलेक्झांड्रिया, ४ मार्च १९९९

चि. फ्रोसो हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी आई गेल्यापासून, म्हणजे चार महिने, तुझा बाप एक शब्द बोलला नाही आणि दोन घासांवर उठतो. डॉक्टर म्हणतो, घसा ठीक आहे. ते मीही सांगितलं असतं, फुकटात. माझे कान पार गेलेत, नाहीतर फोनवर त्याला चांगला फैलावर घेतला असता.

इकडे एक नेफेली नावाची पोरगी आली होती, अथेन्सची. ती एक लांब टेबल करते आहे. बसलं की टेबलातून माणसाचा आवाज येतो. एका टोकाला ग्रीक बोलणारी इथली बाई हवी, दुसऱ्या टोकाला अरबी बोलणारा तिकडचा बुवा. ग्रीक आणि इजिप्शियन लोकांचा स्नेह दाखवायचा म्हणे. मी म्हटलं, कसला स्नेह, तुझ्या बापाची, पांडेलीची, आई तापाने पडली तेव्हा तो माझ्या आईच्या अंगावर प्यालाय. दूधभाऊ आहे माझा. याला कुणी स्नेह म्हणतं का?

तिने आवाज भरून घ्यायचं मशीन पुढे ठेवलं. मग मी पाव तास तुझ्या बापाला झापलं, ग्रीकमधून. या गल्लीत माझ्याशी ग्रीक बोलणारं कुणी उरलं नाही, तेव्हा जीभ जरा सैल सुटली.

मे महिन्यात ते टेबल तुमच्या पिरियसला येतंय. त्याला ने. हो-नाही विचारत बसू नकोस, कोट घाल आणि ने.

माझी ग्रीक अक्षरं तुझ्या आजीच्या शिवणाच्या पुस्तकावरून गिरवलेली, चुकलं असेल तिथे अंदाजाने वाच. लोभ आहे तेवढा पुरे, तो टिकव.

तुझी आत्या,
इन्शिराह


पिरियस, १७ मे १९९९

ती. इन्शिराहआत्यास, शि. सा. न. वि. वि.

नेलं बाबांना. जुन्या वखारीत टेबल मांडलंय. बाबा बसले, आणि तुझा आवाज आला. मेला असशील तर तसं कळव, काळे कपडे पेटीतून काढायला वेळ लागतो, असं तू म्हणालीस. मग तू म्हणालीस की टेबलाला आम्ही ताराबेझा म्हणतो, तो शब्द मुळात आमचा, तुम्ही तो चोरलात आणि त्याचं त्रापेझी केलंत.

आत्या, बाबांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, “खोटारडी.” हा एक अरबी शब्द मला कळतो, तुमच्या भांडणांत लहानपणी ऐकलेला. त्यानंतर किती वेळ ते तुझ्याशी अरबीत भांडत होते. मला काहीच कळलं नाही. मी भिंतीशी उभी राहून रडले.

आता रोज जातात. घरी आले की पुन्हा खिडकीशी, तोंड मिटून. माझ्याशी एक अक्षर नाही. त्या लाकडाशी बोलतात, माझ्याशी नाही. तीस जूनला टेबल इथून उठणार. मग काय करू?

तुझी,
फ्रोसो


अलेक्झांड्रिया, २६ मे १९९९

चि. फ्रोसो हिस आशीर्वाद.

रडू नकोस. आणि त्या टेबलाचा हेवाही करू नकोस. तुझ्याशी बोलायचं तर तुझी आई नाही हे आधी बोलावं लागतं. माझ्याशी भांडायला असं काही लागत नाही.

टेबलाचं दुसरं टोक अजून रिकामंच आहे ना? नेफेलीला सांग, मशीन पांडेलीपुढे ठेव आणि तिथून निघून जा. टेबल ऑक्टोबरात इकडे येणार आहे.

आणि तू त्याला अरबी विचार. चमच्याला काय म्हणतात, मिठाला काय म्हणतात. मुद्दाम चुकीचं बोल. दुसऱ्याचं चुकीचं त्याला कधी सहन झालेलं नाही, सहा वर्षांचा असल्यापासून. मुलुखियाची भाजी कर, तिच्यात लसूण कमी घाल, मग बघ कसं तोंड उघडतो.

आता काजं करायची आहेत, डोळे आहेत तोवर. माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

इन्शिराह


अलेक्झांड्रिया, १९ ऑक्टोबर १९९९

चि. फ्रोसो हिस आशीर्वाद.

टेबल आलं. लसणावरून तो अर्धा तास तुझ्यावर ओरडला, ते तुझं पत्रही पोचलं. आता रोज शब्द शिकवतो म्हणतेस. बरं झालं.

मी गेले. मला खुर्ची दिली, फुलं दिली, कुणीतरी भाषण केलं, ओठ हलताना दिसले. मग सगळे त्याच्या टोकाशी जमले आणि हसायला लागले. त्याचं अरबी आमच्या लहानपणचं, पन्नास वर्षांत तसं कुणी बोललेलं नाही. मी टेबलावर हात ठेवून बसले. लाकूडच ते. सगळ्या खोलीने माझा भाऊ ऐकला, फक्त मी नाही.

समोर दोन कॉलेजच्या पोरी होत्या. एक त्याची नक्कल करून दुसरीला सांगत होती, त्याला कधी न बघताही त्याच्यासारखीच मान उडवून. ओठ मला वाचता येतात. ती म्हणाली, “ओरडू नकोस गं इन्शिराह, जेवतोय मी.”

मग पुढचं सांगताना तिला हसू आलं आणि तिने तोंडावर हात धरला. ते राहिलं. परक्या पोरीला काय विचारायचं, की माझा भाऊ मला काय म्हणाला?

तुला आता थोडं कळतं. त्याच्याशेजारी बस, विचार आणि पुढचं मला लिहून पाठव. मोठ्या अक्षरात.

इन्शिराह