कळवलं नाही

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पस्तीस मिनिटं! पस्तीस मिनिटं एअरलाइनच्या फोनवर नुसतं संगीत. मग दिशा नावाची मुलगी आली – "मॅम, आपल्या रजिस्टर्ड नंबरवर मेसेज गेलेला आहे." अगं बाई, नाही आला! "मॅम, सिस्टिममध्ये गेलेला दिसतोय." म्हटलं, मग त्या सिस्टिमलाच पाठवायचं होतं नागपूरला. त्यावर – "आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी!

कालच परत आले, ताईचं तेरावं आटपून. डोकं अजून तिथेच आहे. सहा तारखेला सकाळी ११.२० चं विमान. आदल्या दुपारी केतनने घाईघाईने तिकीट काढलं होतं. "मावशी, लगेच ये. आई शुद्धीवर आली की तुझंच नाव घेते." वनमालाताईचा एकुलता एक मुलगा, आयसीयूबाहेर एकटा. मी सव्वानऊलाच विमानतळावर हजर. काउंटरवरचा माणूस स्क्रीनवरून नजर न उचलता – "फ्लाइट पाच चाळीसला गेली मॅम. कालच चेंज झाली." दुसऱ्या कुठल्या विमानात जागा? संध्याकाळच्या आधी नाही.

११.२० चं विमान ११.२० लाच उडालं असतं तर दोनला ताईजवळ असते. ताई चार दहाला गेली. मी तेव्हा गेटसमोर खुर्चीत. हातात समोसा.

समोशाचं लिहायचं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लॅबला सुट्टी टाकली आणि मेल लिहिला. पाच पानं! ताईने मला सायकल शिकवली तिथपासून सगळं. पाठवला.

त्यांच्या वेबसाइटवर एक 'सखी' आहे. बोलणारं यंत्र. "हाय! मी तुमची सखी!" लिहिलं, माझी बहीण गेली. सखी म्हणते, "छान! कुठे जायचंय?"

लॅपटॉप आपटणार होते. मधुकरने काढून घेतला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पुढच्या प्रवासात एक सँडविच मोफत.

गैरसोय. सँडविच.

केतनला फोनवर वाचून दाखवलं. तापलाच. "मावशी, ते आपल्याला बनवून राहिले! सोडायचं नाही." रोज संध्याकाळी फोन करतो हल्ली. जेवलास का विचारलं तर हं-हं. एअरलाइनचं काढलं की आवाजात जीव येतो. मग मीही तेच काढते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जानेवारीतच जायला हवं होतं. ताई बोलावत होती. रजा शिल्लक ठेवत बसले. याची तक्रार कुठे करायची?

१ मार्च, शनिवार

मधुकरशी भांडण. हा माझा नवरा एकतीस वर्षं वीज कंपनीत तक्रारखिडकीवर बसला. आज माझी पाच पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "मी खिडकीवर असतो तर हे सगळ्यात खाली ठेवलं असतं."

काय बोलावं याला!

"अगं, ऐक तरी. वाचणाऱ्याला रडू येईल, पण करायचं काय ते कळणार नाही. तुला त्यांच्याकडून हवंय काय?"

मला ताई हवीय, म्हटलं.

त्याने पानं बाजूला ठेवली. मग उठून चहा करून आणला. फार साखर घातली होती. पण प्याले.

२ मार्च, रविवार

मुकाट्याने परत लिहायला बसले. मधुकर शेजारी. मी लिहायचं 'तुमचा निर्दयपणा', त्याने खोडायचं. मी 'राक्षस', त्याने खोडायचं. "तारीख लिही. वेळ लिही. त्यांना नाकारता येणार नाही तेवढंच ठेव."

शेवटी एक पान उरलं. तिकीट क्रमांक. ठरलेली वेळ, बदललेली वेळ. मी कधी पोचले, काउंटरवर काय सांगितलं. विमानतळाच्या दारापाशी काढलेला फोटो जोडला – वेळेसकट आहे. आणि मागणी एकच: मला कळवल्याचा पुरावा द्या. कोणत्या नंबरवर, किती वाजता, काय. नसेल तर चूक लेखी कबूल करा. पंधरा दिवसांत.

केतनला पाठवलं. पुरावा मागायचं त्यालाच सुचलं होतं. "नंबर तुझाच टाकला होता मी मावशी. त्यांच्याकडे पुरावा असूच शकत नाही. अडकले!" त्यानेच शोधून त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचा पत्ता दिला. तिथेच पाठवलं.

छापलेलं एक पान हातात घेतलं तर हलकं वाटलं. ताईचं नाव त्यात एकदाच आहे.

६ मार्च, गुरुवार

एक महिना झाला. केतनने आईची खोली अजून उघडलेली नाही म्हणे.

१० मार्च, सोमवार

लॅबमध्ये रक्तासाठी सुया टोचत असताना फोन. एअरलाइन! हातमोजे काढेपर्यंत बंद. परत केला तर – "या नंबरवर येणारे फोन घेतले जात नाहीत." अरे मग करता कशाला!

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सोसायटीत पोरांचा दंगा. खाली उतरले नाही. मेल उघडला – "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? पाच तारे द्या."

मधुकर चिडत नाही सहसा. आज चिडला! "बंद? न विचारता?" स्वतः बसला टाइप करायला. चारच ओळी: मी बंद केलेली नाही. मागितलेला पुरावा मिळालेला नाही. तारीख उलटली की पुढे सरकारी पोर्टलवर, मग ग्राहक आयोगात. सोबत पहिलं पत्र.

माझ्यासाठी हा इतका कधी कुणावर तुटून पडला नव्हता. लग्नाला तीस वर्षं झाली.

१८ मार्च, मंगळवार

हललं! चंद्रप्रकाश नावाच्या अधिकाऱ्याचा फोन. वयस्कर आवाज. पहिल्यांदाच कुणीतरी माणूस. म्हणाले, "तुमचं पत्र वाचलं. एवढं स्वच्छ पत्र आमच्याकडे क्वचित येतं." मी मधुकरकडे बघितलं. तो पेपरात तोंड घालून हसत होता.

आणि मग – "तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं." हे त्यांनी आधी म्हणायला हवं होतं. पण म्हणाले तरी.

उद्या सगळं रेकॉर्ड काढून पाठवतो, काहीही लपवणार नाही म्हणाले. केतनला लगेच सांगितलं. ओरडलाच आनंदाने. आज जेवला. काय जेवला तेही सांगितलं – पिठलं-भाकरी.

१९ मार्च, बुधवार

आलं. पाच फेब्रुवारी. संध्याकाळी ७.१२ ला मेसेज पाठवला. ७.१३ ला उघडला, 'बदल मान्य' बटण दाबलं. नंबर केतनचा. घाईत त्याचा स्वतःचाच पडला असणार.

त्या संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचा फोन आला होता – "मावशी, व्हेंटिलेटरसाठी सही मागतायत, करू का?" सतरा कागद, शंभर मेसेज. जे समोर आलं त्याला हो म्हणत गेला पोरगा. त्याला आठवतही नाही.

मधुकरने वाचलं. तक्रार मागे घेतली मी. कारण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. 'समाधान झाले' लिहिलं.

मग केतनचा फोन. "मावशी, आलं उत्तर?"

"आलं."

"चूक कुणाची?"

"त्यांचीच. लेखी कबूल केलं."

खूप वेळ रडला. पहिल्यांदाच. मग म्हणाला, "मी सांगत होतो ना तुला?"

"हो रे राजा. तू सांगत होतास."