सात दिवसांची पट्टी

निपाणी,
१४ डिसेंबर १९३५

प्रिय अण्णा,

अक्षर पाहून दचकू नकोस, ही मीच आहे, तुझी चंदना. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळवलेली तीच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, पुढं हसण्यासारखं फारसं नाही. हे लिहिताना मी चारदा उठले. एकदा पाणी प्यायले, एकदा उगाच दाराची कडी बघून आले. बाहेर सोप्यावर आप्पा येरझाऱ्या घालताहेत. त्यांची पावलं थांबली की माझा हात थांबतो आणि ती वाजली की ओळ चुकते.

तुझा डॉक्टरकीचा अभ्यास कसा चाललाय? पुण्याची थंडी सोसते का? आईनं शेंगाचटणी पाठवायची ठरवलीय. ती म्हणते, हाडांना हात लावून त्याच हातानं जेवत असशील. तुझी ती हाडांची पिशवी ती अजून विसरलेली नाही. सुट्टीत तू ती घेऊन आलास आणि आईनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, म्हणून मळ्यातल्या खोपटात ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी आप्पा तिथं काय करत होते हे फक्त तुला आणि मला ठाऊक. मनगटाची आठ बारकी हाडं धोतराच्या सोग्यावर घेऊन, डोळे मिटून, एकेक चाचपत ते मांडत होते. चाळीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं बसवली, पण उघडं हाड त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच हातात धरलं. सात हाडं लागली. आठवं बाजूला ठेवून म्हणाले, हे या हाताचं नाही. तू पुस्तक काढून पडताळलंस, तर ते खरंच डाव्या हाताचं निघालं. तुझं तोंड किती उतरलं होतं, आठवतं? मला फार मजा वाटली होती.

तिथंच थांबला असतास तर बरं झालं असतं. पण तू त्याच पुस्तकातून त्यांना शिकवायला निघालास. पट्टी बांधल्यावर बोटं बघायची, नखं निळी पडली तर लगेच सोडायची, असं म्हणालास. आप्पा म्हणाले, सात दिवस पट्टीला हात लावायचा नाही, ही माझ्या आज्ज्याची रीत आहे. तू म्हणालास, आज्ज्यानं किती हात वाळवले याची नोंद कुणी ठेवलीय? आणि ताटावरून उठून मोटार गाठलीस. त्याला दीड वर्ष झालं. आप्पांनी तुझं नाव घेतलेलं नाही, पण पोस्टमन येऊन गेला की पत्र कुणाचं हे ते आईला विचारतात.

तू विसरून गेलेलं पुस्तक माझ्याकडं आहे. इंग्रजी मला कळत नाही, पण चित्रं कळतात आणि कडेला तू पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं कळतं. हाताचं ते पान इतक्यांदा उघडलंय की आता पुस्तक आपोआप तिथंच उघडतं. बोटं मिटवणारं मोठं मांस बोटांत नसतंच, ते कोपराखाली असतं आणि तिथून दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात, असं तू लिहिलंयस. ते खरं आहे, मी रोज बघते. माझं उजवं मनगट खाली वाकवलं की बोटं थोडी उघडतात आणि सरळ केलं की आपोआप मिटतात. मधे चिकोडीची मंडळी मला बघायला आली होती. पोहे मी डाव्या हातानं दिले. मंडळी गोड बोलून गेली आणि पुन्हा काही आली नाहीत.

श्रावणात मी घसरून पडले आणि हात बरा झाला, असं आईनं शेजारच्या मास्तरांकडून तुला कळवलं होतं. त्यातलं पडले तेवढंच खरं. तंबाखूच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि कोपराच्या वर हाड मोडलं. आप्पांनी ते असं बसवलं की तूही नावं ठेवली नसतीस. मग कामट्या लावल्या आणि वरून लेप. इतर हाडवैद्य अंड्याचा लेप देतात, आपल्या जैनांच्या घरात ते कसं चालणार? म्हणून आपल्याकडं उडदाचं पीठ आणि डिंक. तो लेप वाळताना आवळत जातो. त्यात माझी लाडाची हाडं, म्हणून आप्पांनी एक पदर जास्तच गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नखं जांभळं खाल्ल्यासारखी झाली होती. बोट सरळ करायला गेले तर डोळ्यांपुढं अंधारी आली. तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं, अण्णा. पण पट्टी सोडली असती तर तू खरा ठरला असतास आणि आप्पा खोटे. मी हात पदराखाली घेतला. आप्पा रोज विचारायचे, बोटं हालतात ना? मी रोज हो म्हणायची. सहाव्या दिवशी दुखायचं थांबलं, तेव्हा मला वाटलं, आप्पा जिंकले. सातव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा बोटं मिटलेली होती. तेव्हापासून आप्पा रोज तेल चोळतात आणि म्हणतात, सुटेल. मला तुझाही राग येतो, त्यांचाही येतो आणि माझा तर सर्वांत जास्त.

आज सकाळी रायाप्पा गाडीवान आला, हात कोपराशी मोडून घेऊन. आप्पांनी हाड बसवलं, लेप लावला, पट्टी आवळायला घेतली. मी दारात उभी होते. तिथूनच, रायाप्पाच्या देखत बोलले. “आप्पा, माझी नखं दुसऱ्याच दिवशी निळी झालती. मी लपवली.” आप्पांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी पट्टी सगळी उलगडली, ओला लेप धुऊन काढला, हात नुसता कामटीवर सैल टेकवला आणि रायाप्पाला त्याच्या भावाबरोबर मोटारीनं बेळगावच्या दवाखान्यात धाडलं. आपल्या दारातून मोडलेला हात कुणी परत नेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

त्यानंतर ते माझ्याजवळ बसले. माझा हात मांडीवर घेतला, पण तेल लावलं नाही. एकेक नख दाबून बघत राहिले. मग कागद-दौत मागितली. मला वाटलं, स्वतः लिहिणार. कागद त्यांनी माझ्यापुढं सरकवला. “तूच लिही. डाव्या हातानं लिही, म्हंजे मी काय केलंय ते त्याला दिसंल.” मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, “त्याला इचार, पट्टी बांधल्यावर नखं किती येळानं बघायची.” तेवढंच विचारायचं आहे, अण्णा. उत्तर पत्रानं पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझीच,
चंदना