तळ्याकाठच्या घरातल्या दुरुस्त्या

सोमवार, ९

आधी दुरुस्ती. घरापासून पाण्यापर्यंत एक्केचाळीस पायऱ्या आहेत, असं मी काल लिहिलं. आज पुन्हा मोजल्या, बेचाळीस आहेत. बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. जेवणाच्या टेबलावर बाबांनीच शिकवलं. त्यांचा नियम असा, की चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. आत्या म्हणते, ही बया स्वतःच्या मरणाची तारीखसुद्धा पडताळून घेईल.

गुरुवारी, १९ तारखेला आई, बाबा आणि माझी बहीण छोटी येणार. त्यांच्यासाठी उतरायची जागा ठरवायला आत्या आणि मी पुढे आलो. बसस्टँडजवळच्या लॉजमधल्या गाद्या दमट, शिवाय सतत हॉर्न. टेकडीवरच्या बंगल्यातून अख्खं तळं दिसतं, पण तो चढ आईच्या गुडघ्यांना झेपायचा नाही. हे तिसरं घर मात्र छान आहे. स्वच्छ चादरी, गरम पाणी, खिडकीखाली तळं. मालकीणबाई इतक्या अगत्याच्या, की आत्या पहिल्याच दिवशी त्यांना अगं-तुगं करायला लागली. आमच्याशिवाय एकच पाहुणे आहेत, एक निवृत्त घड्याळजी. त्यांनी माझं घड्याळ कानाशी धरलं आणि म्हणाले, हे रोज चार मिनिटं खोटं बोलतं. जेवण होईपर्यंत ठीक करूनही दिलं.

घरी फोन करून सांगितलं, हेच घर.

बुधवार, ११

काय लिहितेस, असं मालकीणबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं. घड्याळजींपाशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, अगं, इथे कुणी घड्याळजी नाहीत, प्रवासाचा शीण असेल. मी घड्याळजींच्या खोलीचं दार वाजवलं. आतून उत्तर नाही. दारापाशी चपला होत्या, पण चपला कुणाच्याही असू शकतात. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुरुस्ती : या घरात घड्याळजी नाहीत.

लिहून बाहेर आले तर चपला नव्हत्या. आत्याला विचारलं. ती म्हणाली, कोण घड्याळजी? म्हणजे मीच चुकले. माझं घड्याळ पुन्हा चार मिनिटं मागे पडलं आहे.

शनिवार, १४

नीट लिहायला हवं. सकाळी मालकीणबाई म्हणाल्या, तू एकटीच आलीस ना? मी हसले. त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. त्यात माझ्या अक्षरात एकच नाव होतं, माझं. आत्या तेव्हा आळसाने म्हणाली होती, तुझंच घाल. निदान मला तसं आठवत होतं. आत्या न्हाणीघरात गुणगुणत होती. मालकीणबाई म्हणाल्या, नळाचा आवाज आहे. बुधवारी मी चुकलेच होते. मग त्या हळूच म्हणाल्या, चूक दिसल्यावरही ती तशीच ठेवायची, असं शिकवलंय का तुला घरी?

आतून टॉवेल मागितल्यासारखं ऐकू आलं. मी लिहीत होते.

दुरुस्ती : मी एकटीच आले.

गुणगुणणं मध्येच थांबलं. न्हाणीघर कोरडं होतं.

रविवार, १५

बाबांना फोन करून सोमवारचं पान वाचून दाखवलं. म्हणाले, मला बहीण नाही, बेटा. असं कसं लिहिलंस? चूक झाली असेल तर दुरुस्त कर.

केली आहे, बाबा.

सोमवारचं पान पुन्हा वाचलं. तिथे आत्या बोलते. अक्षर माझं आहे. चेहरा आठवत नाही. खोडायचं नाही हा नियम, म्हणून एवढी तरी ती उरली.

मी केलं हे.

सोमवार, १६

येऊ नका म्हणून सांगितलं. आई हसली. म्हणाली, लहानपणापासून तू अशीच भित्री. मालकीणबाईंचाही फोन आला होता, किती गोड बोलतात. छोटीने तर बॅगसुद्धा भरली.

मी लिहिलं : या घरात मालकीणबाई नाहीत.

त्या चहा घेऊन आल्या, वाचलं. खोट्याने काही होत नाही, म्हणाल्या. तुला पटावं लागतं. म्हणून तर तू हवी होतीस.

मंगळवार, १७

पळून काय करू, शंका बरोबरच येईल. वही जाळली तर आत्या उरलीसुरलीही जाईल.

मालकीणबाई छोटीचं वय विचारतात. मी सांगते, नऊ. चहाच्या वेळी पुन्हा विचारतात. जेवताना पुन्हा. तुझ्या आईला दोन मुली, नक्की ना?

नक्की. नऊ. पुढचा दात पडलेला. नक्की—

संध्याकाळी बोटांवर मोजावं लागलं.

बुधवार, १८

एक वाट आहे. मी आलेच नसते तर हे घर कुणी कळवलं नसतं. ते इकडे आले नसते. आत्या आपल्या घरी असती, कुणाला तरी नावं ठेवत.

पण पटायला हवं. सराव करते आहे. आरशात बघत नाही. हाक मारली तर ओ देत नाही. मालकीणबाईंनी दोनदा मारली. आज पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

आज नाही. आज आईचा फोन यायचा आहे. तेवढा आवाज ऐकू दे—

गुरुवार, १९. गाडी साडेदहाला येते. त्याच्या आत. घड्याळात चार मिनिटं मिळवून. ओळ ठरली आहे—

दुरुस्ती : रविवारी, ८ तारखेला, या घरी कुणीही