चित्र झाकलं, आवाज ठेवला

४ ऑक्टोबर
साइटवाल्यांनी व्हिडिओ उडवला! तिसऱ्यांदा. "हिंसक दृश्य. नियमभंग." म्हणजे हिंसा मी केली? उन्हाळाभर त्या डुकरांच्या शेडमध्ये साफसफाई केली, शर्टाच्या बटणात कॅमेरा लपवून. अशक्त पिल्लांना मागच्या पायांना धरून फरशीवर आपटतात. आपटणं चालतं — दाखवणं चालत नाही!

५ ऑक्टोबर
पुन्हा टाकला. सकाळी गायब. पुन्हा टाकीन.

७ ऑक्टोबर
धाकटी बहीण आली. ग्लेना. हॅम, म्हणजे डुकराचंच मांस, घातलेलं बीन्सचं सूप घेऊन! "हॅम बाजूला काढून खा." मग मुद्द्यावर — "व्हर्ना, रॉय त्याच कंपनीचा ट्रक चालवतो. नवरा घरी बसला तर तू पोसणार आहेस का आम्हाला? आणि लोक जेवताना फोन बघतात गं!"
"जेवतानाच बघू देत."
दार आपटून गेली. सूप इथेच.

११ ऑक्टोबर
कोर्टासमोर शनिवारचा बाजार. पिकअपच्या मागे टीव्ही मांडून तोच व्हिडिओ लावला. आमच्या आयोवा राज्यात डुकरं माणसांपेक्षा जास्त, पण बघायला कुणी तयार नाही. माना फिरवून चालले. एक जण ओरडला, "लाज वाटते का? पोरं आहेत इथे!"
"पोरांच्या हातात काय आहे, ते बघा आधी!" डुकराच्या मांसाचे हॉटडॉग होते.
पोलीस आला. ओळखीचाच. "व्हर्नाबाई, झाका ना ते. तुम्हाला ठाण्यावर न्यायला लावू नका."
झाकलं की! गोधडी टाकली पडद्यावर. आवाज मात्र मोठा केला. "आवाजाबद्दल काही म्हणालात का?" तो डोकं खाजवत उभा.
आणि लोक थांबायला लागले! किंकाळी, धप्प, मग काहीच नाही. एक बाई पिशवी खाली ठेवून म्हणाली, "कुणाचं मूल आहे हे?"
"डुकरिणीचं."
तिने तोंडावर हात ठेवला. गेली नाही पण.
तेवढ्यात ग्लेना. वाटलं, आता वायर उपटते. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. शेवटपर्यंत.

१२ ऑक्टोबर
ग्लेनाचा फोन. रॉयने बोलणं टाकलंय. "बोलेल, जाईल कुठे! पुढच्या शनिवारी किती वाजता यायचं?"

१६ ऑक्टोबर
व्हिडिओ परत दिसतोय. मी टाकलेला नाही. कुणीतरी त्याला नाचाचं गाणं लावलंय — पिल्लू आपटलं की ढोल, वर हसरे चेहरे. लाखोंनी पाहिलाय. तक्रारीचं बटण मी आयुष्यात पहिल्यांदा दाबलं.
लगेच उत्तर आलं. "तपासलं. नियमभंग आढळला नाही."